मी तंबाखू खात नाही

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

दाढ दुखते म्हणून गेले आणि भलतंच घेऊन आले!

शहाड स्टेशनजवळ एका संस्थेचा दातांचा दवाखाना आहे, स्वस्तातला. आधी फॉर्म भरा. नाव माया, वय अठ्ठावन्न, अंगणवाडी सेविका, निवृत्त. मग रकाना — तंबाखू? मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं. त्यात खोटं काय? तंबाखू पुरुष खातात, चुना लावून मळतात, भिंती रंगवतात. आमचे हे खायचे, जाईपर्यंत मी त्यांच्याशी त्यावरून भांडले. मी खात नाही.

डॉक्टरने गाल ओढला, बॅटरी मारली. मग म्हणतो, "मावशी, मशेरी लावता?" लावते की. दात घासायला नकोत? "दिवसातून किती वेळा?" पाच-सहा. तो एकदा फॉर्मकडे बघतो, एकदा माझ्याकडे. म्हणे मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. चाळीस वर्षं तव्यावर मी भाजतेय आणि हा मला सांगतोय! पण खरं सांगायचं तर तिला तंबाखू असं आम्ही कधी म्हटलंच नाही. भाजली, कुटली, डबीत भरली की ती मशेरी.

डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. नखाएवढा. "आज घाबरायचं कारण नाही, पण हे असं पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं. मशेरी बंद झाली तर चट्टा बरेचदा कमी होतो. आठ आठवड्यांनी परत बघू."

दाढ तशीच राहिली.

बुधवार, ८ जानेवारी

सकाळी आरशात गाल ओढून ओढून पाहिला. आहे. सुदेशला काल सांगितलं तर तो रात्री जेवला नाही नीट. मुलगा असून आईसारखा घाबरतो.

गुरुवार, ९ जानेवारी

दवाखान्यातून बोलावणं. आता औषध देतील म्हणून गेले, तर एक मुलगी. दक्षता नाव. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. समुपदेशक म्हणे. मी मनाची तयारी करून गेलेले — आता ही सडक्या तोंडांचे फोटो दाखवणार, बोलणार, रडवणार. अठ्ठावीस वर्षं मी तेच केलंय. गरोदर बायकांना दम दिल्याशिवाय गोळ्या कुठे घ्यायच्या त्या!

ही बोललीच नाही! विचारते काय — "मशेरीचं तुम्हाला काय आवडतं?"

काय आवडतं? हा काय प्रश्न झाला? सोडवायला बसलीय की कौतुक करायला? मी म्हटलं, सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही. दुपारी ठमाबाई येते, दोघी ओट्यावर बसून लावतो, तेवढाच जिवाला विरंगुळा. तर ती मान हलवून म्हणते, "म्हणजे मशेरीबरोबर मैत्रीणही आहे." आणि लिहून घेतलं!

माझंच बोलणं मलाच परत ऐकवते. पोलीस चौकीत जबाब घेतात तसं. कशाला? काहीतरी विकायचं असणार. विमा, नाहीतर ते महागडं च्युइंगम. फुकट एवढं गोड कोणी बोलत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ऐश्वर्याने तीळगूळ भरवला. नात माझी, सहा वर्षांची. तीळ चट्ट्याला लागले आणि डोळ्यात पाणी आलं. "आजी, गोड बोलायचं, रडायचं नाही," म्हणते. गुलाम!

गुरुवार, १६ जानेवारी

दुसरी खेप. आज कागदावर एक पट्टी, शून्य ते दहा. "मशेरी सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" मी मुद्दाम म्हटलं तीन. बघू आता काय करते.

मला वाटलं म्हणेल, मावशी एवढा चट्टा आहे आणि तीनच? तर म्हणते, "तीन का? एक का नाही?"

उलटी खोपडी! मी बोलून बसले — एक कसं म्हणू? परवा ऐश्वर्या मोरीपाशी बसलेली, बोटावर राख घेऊन दात घासत होती. माझ्यासारखं. डोळे मिटून, अगदी माझ्यासारखं! तिच्या पाठीत धपाटा घातला मी. मग मीच आत जाऊन मशेरी लावली. एवढं सगळं सांगितलं त्या मुलीला. सांगायचं नव्हतं. कसं काढून घेतलं कळलंच नाही.

ती म्हणे, "एकीकडे मशेरीशिवाय सकाळ होत नाही, आणि नातीचं ते बोट तुम्हाला बघवत नाही." मला एकदम रडू आलं. रागही आला. माझ्या घरातलं तिला काय करायचंय?

तिच्या फाइलवर माझं नाव उलटं वाचलं. उलटं वाचायची सवय आहे मला, सुपरवायझरच्या टेबलासमोर बसून लागलेली. नावापुढे पायऱ्या छापल्यात — विचार नाही, विचार चालू, तयारी, कृती, टिकवणं. 'विचार चालू' वर बरोबरची खूण! माझ्या डोक्यात काय चालू आहे हे हिला कोणी सांगितलं?

तोंडावर विचारलं, "तुम्हाला डोक्यामागे किती मिळतात?" हसली. म्हणे, "पगार ठरलेला आहे मावशी. किती जणींशी बोलले ते लिहावं लागतं. किती जणींनी सोडली त्यावर काही नाही." असेल. अठ्ठावीस वर्षं मीही रजिस्टरं भरलीत. रजिस्टरात काय असतं आणि घरात काय असतं ते मला नको शिकवायला.

सोमवार, २० जानेवारी

आज लक्षात आलं. ही वही मी फ्रिजवर भिंतीकडे ठेवते, आज अलीकडे होती. सुदेश वहीला हात लावत नाही. ऐश्वर्याचा हात पोचत नाही. म्हणजे मेघाली.

सूनबाई तशी वाईट नाही. पण दवाखान्याचा पत्ता तिनेच दिलेला. आणि दक्षताला कसं कळलं की मी कुठे दुखावते, कुठे हळवी होते? दोघी साधारण एका वयाच्या. फोनवर बोलत असतील. मी इथे लिहायचं, हिने वाचायचं, तिला कळवायचं!

संध्याकाळी सहज म्हणून विचारलं, "फ्रिजवर पुसलंस का गं?" — "नाही आई, का?" एवढंच. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. नाहीच दिसणार.

गुरुवार, २३ जानेवारी

मी अडकले!

आज दक्षता म्हणाली, "मावशी, सोडायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. मी सांगून काय होणार?" बरं, नाही सोडत, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं — "सव्वीस तारखेपासून बंद करते." कोण बोललं हे? मीच! समोर ती नुसती थांबलेली. तिने एक शब्द ढकलला नाही. ढकललं असतं तर मी ढकललं असतं उलटं, चांगलं जमतं मला ते.

मग तिने विचारलं, पहिल्या दिवशी सगळ्यात अवघड काय जाईल? दुपार, मी म्हटलं. ठमाबाई. दुपारी दुसरं काय करता येईल हेही तिने माझ्याच तोंडून काढलं. बडीशेप, लवंग, ओट्याऐवजी गच्ची.

घरी सांगितलं तर सुदेशने पेढे आणले. अजून काही झालं नाही तर पेढे! ऐश्वर्या नाचली. मेघाली म्हणाली, "आई, तुम्हाला जमणार." तिला आधीच माहीत असल्यासारखं म्हणाली.

रविवार, २६ जानेवारी

पहिला दिवस. डबी मेघालीसमोर कचऱ्यात टाकली. डोकं ठणकतंय. बाकी ठीक.

सोमवार, २७ जानेवारी

दुसरा दिवस. बंद आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

पाचवा दिवस. लवंग चघळली. दवाखान्यात सांगितलं. दक्षताने शाबासकी दिली नाही, टाळ्या नाहीत. "कसं जमवलंत?" एवढंच, आणि वाट बघत बसली. अंगणवाडीत कुणी सोडलं असतं तर मी बाकीच्या बायकांसमोर नारळ दिला असता तिला. ही खोदत बसते. कसं जमवलं म्हणजे काय? जमवलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बारावा दिवस. खूण 'कृती' वर सरकलेली पाहिली. "मध्ये एखादी दुपार अवघड गेली का? एखादी घसरण झाली तरी चालतं मावशी, बऱ्याच जणींचं होतं. तेवढ्याने सगळं फुकट जात नाही." मी म्हटलं, माझं नाही झालं.

असं का बोलली ती? माझ्यावर संशय? मी नेसलेल्या पातळापासून दातापर्यंत बघत होती. आवडलं नाही मला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तेविसावा दिवस. ठमाबाईकडे बसले तासभर. गप्पाच.

ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, सुकी मासळी विकते. म्हणाली, "मना काय नाय झाला गो. आईस माझी नव्वद वरसं जगली, मशेरी लावूनच गेली. तू कला घाबरतंस?" मी म्हटलं, कशाला म्हणजे? तुझ्या आईचं तोंड कुणी बॅटरी मारून बघितलं होतं का? तशी ती आपलाच गाल चाचपत बसली. आता तिलाही न्यावं दवाखान्यात.

मंगळवार, ४ मार्च

आठ आठवडे झाले. डॉक्टरने पट्टी लावून मोजलं. वाढलाय. नखाएवढा होता, आता रुपयाच्या नाण्याएवढा, आणि कडेला लालसर. डॉक्टर परत परत फाइल बघत होता. "सोडून पाच आठवडे झाले ना मावशी?" सुदेशनेच उत्तर दिलं, "एकदाही हात लावलेला नाही तिने. आम्ही बघतो ना." मेघालीने माझा हात धरला.

माजिवड्याला मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

गुरुवार, ६ मार्च

माजिवडा. मोठे डॉक्टर वयस्क, शुद्ध बोलणारे. त्यांनीही तेच विचारलं, दोनदा. "मशेरी पूर्णपणे बंद आहे? नक्की? हे मला माहीत असणं फार गरजेचं आहे. सवय चालू असताना चट्टा वाढणं निराळं, आणि सवय सुटूनही वाढत राहणं निराळं. दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते." सुदेश माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली.

सोमवारी तुकडा काढून तपासायला पाठवणार.

बाहेर आल्यावर सुदेश जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. छत्तीस वर्षांचा बाप्या. मला जवळ जाववलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

सुदेश ऐकेना. मला घेऊन शहाडच्या दवाखान्यात गेला आणि दक्षतावर ओरडला, सगळ्यांसमोर. "काय उपयोग तुमच्या त्या गप्पांचा? माझ्या आईने एवढं सोसून सोडलं, तरी वाढलं! दोन महिने नुसते प्रश्न विचारत बसलात. औषध द्यायचं सोडून!" बाकड्यावरच्या बायका बघायला लागल्या. एकीने पर्स उचलली आणि निघून गेली.

ती मुलगी उभी राहिली. रडेल असं वाटलं, रडली नाही. "दादा, आईची काळजी आहे म्हणून तुम्ही चिडलाय," म्हणाली. त्यालाही तसंच, त्याचंच त्याला परत! मग माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्हाला काही बोलायचंय?"

मी पदराच्या टोकाशी चाळा करत बसले. किती वेळ थांबली ती! एवढं कोणी थांबतं का?

"माझा नंबर आहे तुमच्याकडे. कधीही लावा," म्हणाली.

कधीही म्हणजे? ही मला काय समजते? आणि सगळ्यांसमोर विचारायची काय गरज होती? दिवसभर डोक्यातून जात नाही. संध्याकाळी कळलं, आज तिच्या यादीतल्या दोघी आल्याच नाहीत. ठमाबाईला मी घेऊन जाणार होते, ती म्हणते, "आता कला जावचा? तुझा सोडूनबी वाढला, मग मी कला सोडू?"

रविवार, ९ मार्च, दुपार

सगळे बाहेर गेलेत. घरात मी एकटी.

वर लिहिलेले दिवस खोटे आहेत. पहिला, दुसरा, पाचवा, बारावा, तेविसावा, सगळे. मेघाली वाचते असं धरून मी ते लिहिले. ती वाचते की नाही मला अजून माहीत नाही. मशेरी मी एक दिवससुद्धा सोडलेली नाही. ठमाबाईच्या ओट्यावर लावली, आणि घरी संडासात कडी लावून.

उद्या तुकडा काढायचाय. दक्षताला फोन लावला. रविवार आहे, उचलला नाही. उचलला असता तरी मला बोलता आलं नसतं, आत्ताही तोंडात आहे. चूळ भरून येते आणि परत लावते.