माझी मैत्रीण, कॉलीन

डुलुथ, मिनेसोटा
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय आर्डिस,

तुझं नाताळचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे सगळं ठीक. शाळेचा बॉयलर पुन्हा बंद पडला, म्हणून सोमवारी मुलांना कोट घालूनच बसवलं. तुझ्या वर्गात आता गणिताचे मास्तर आलेत. भिंतीपलीकडून त्यांचं खोकणं ऐकू येतं.

तुझी तब्येत सुधारत असेल. कॉलीन आहेच म्हणा काळजी घ्यायला.

या आठवड्यात आठवीला इंग्रजी व्याकरणातलं अपॉझिटिव्ह शिकवलं. एरवी आपण दोघी मिळून उदाहरणं काढायचो. यंदा मी एकटीने काढली आणि ती रटाळ निघाली. मग फळा पुसला आणि मुलांना म्हटलं, घरातल्या एखाद्या माणसाबद्दल वाक्य लिहा. नात्याला लागून नाव यायला हवं, म्हणजे एकाने दुसऱ्याची ओळख पटते. ब्रेनाने लिहिलं, ‘माझा भाऊ, कोल, खाणीवर कामाला लागला.’ मी तिच्या बाकाशी जाऊन समजावलं की नाव असं दोन स्वल्पविरामांत ठेवलं की भाऊ एकच आहे असा अर्थ होतो. तुला दोन आहेत, दोघांनाही मी शिकवलंय, तेव्हा स्वल्पविराम काढ.

ती वर न बघता म्हणाली, “ट्रेव्हिस उन्हाळ्यात घर सोडून गेला, मिस. फोनसुद्धा करत नाही. मी आता एकच धरते.”

मी लाल पेन खिशात ठेवलं आणि म्हटलं, राहू दे मग.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. ‘माझी मैत्रीण, कॉलीन, मला ऑपरेशनला घेऊन गेली.’ दोन्ही स्वल्पविराम जागच्या जागी. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तू चर्चच्या फलकावरच्या सूचनासुद्धा पेन काढून दुरुस्त करणारी बाई.

तरी खरं दुखणं स्वल्पविरामांचं नाही. तुझ्या छातीत गाठ होती, ती काढली, आणि हे मला सगळ्यांना धाडलेल्या छापील पत्रातून कळलं. कॉलीन शेजारी राहते, तिच्याकडे मोठी गाडी आहे, ती तुला ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश करून आणते, तुझ्या मांजरीलाही ती आवडते. मला ती आवडत नाही. मी तिला पाहिलेलंही नाही. तू शुद्धीवर आलीस तेव्हा समोर तिचं तोंड होतं, याने माझा इतका जळफळाट होतो की तिचं हॉटडिश खारट होऊ दे असं मनात येतं. साठी उलटलेली बाई मी, आणि हे माझे विचार.

गुरुवारी न राहवून तुझ्या घरी फोन केला. कॉलीननेच उचलला. “तुम्ही लॉर्ना ना? आर्डिस झोपलीये,” म्हणाली. आणि पुढे, “तुम्हाला कळव म्हणून मी तिला सांगत होते. ती म्हणाली, लॉर्ना वर्ग टाकून धावत येईल, आणि तिच्यासमोर मला रडू आवरणार नाही.”

आवाज चांगला आहे तिचा. तेही मला आवडलं नाही.

माझ्यासमोर रडू येईल, हे तू तिला सांगू शकलीस आणि मला नाही. हेवा कमी झाला असं समजू नकोस, वाढलाच. पण त्या रात्री मी बॅग भरली, आणि शुक्रवारी मुख्याध्यापकांकडून रजा घेतली. येत्या शनिवारच्या बसने मॅडिसनला तुझ्याकडे पोचते. येऊ नकोस म्हणायला फोन करशील, मी उचलणार नाही.

तुला रडायचं तेवढं रड. मी काही धीराची बाई नाही, मीही रडेन. कॉलीनला म्हणावं, आता काही दिवस आपल्या घरी जेव. एखाद्या संध्याकाळी तिला बोलावू. एखाद्याच.

रागावलेली, आणि तरी तुझीच,
लॉर्ना