उलट्या हाताची सवय

दिवेआगर,
१४ जानेवारी

रघूभावोजींना हरेश्वरचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळी बरी आहोत. केसरचा खोकला गेला. दिवसभर सुपारी सोलत बसते, माझ्याशी मोजकंच बोलते. माकडांनी वाडीत उच्छाद मांडलाय.

बोटं कशी आहेत? तुमच्या शेजारचा अजित भेटला होता. म्हणाला, अलिबागच्या डॉक्टरीणबाई हाताला पट्ट्या चिकटवून बारीकसा करंट देतात, मग करंगळी आपोआप उचलली जाते. ऐकलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आता इकडचं तिकडचं पुरे.

त्या दिवशी पंपाच्या लोखंडी पाईपला चिकटलेला तुमचा हात सोडवून तुम्हाला पडवीत आणल्यावर केसरने विचारलं, "शुद्धीतला माणूस हात काढून घेणार न्हाय?" मी म्हणालो, "शुद्धीत असायला हवा ना!" बस, एवढंच. तुम्ही गणपतीसमोर दारू सोडलेली. शपथ मोडलीत असं समजून ती माहेरी निघून आली, आणि मी, तिचा सख्खा भाऊ, गप्प!

वीस वर्षं वायरमनकी करतोय मी. करंट बसला की मूठ आवळते. माणूस सोड सोड म्हणतो, पण स्नायू त्याचं ऐकत नाहीत, करंटचं ऐकतात. ओरडायलाही येत नाही. म्हणून तर आमच्या उस्तादाने शिकवलं, मोटारीला आधी उलटा हात लावायचा. झटका बसलाच तर बोटं आत वळतात, वायर धरत नाहीत.

भावोजी, मी लावला होता उलटा हात. मुंग्या आल्या होत्या. अर्थिंगची वायर खाऱ्या वाऱ्याने गंजून तुटलीय, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या पायात रबरी चपला, आणि जेवायची घाई. तुम्ही पाटाच्या पाण्यात अनवाणी. तुम्ही विचारलंत, "काय हाय काय?" मी म्हणालो, "काय न्हाय."

लाज वाटते हो. भाताचा घास घेताना माझाच हात मला बघवत नाही.

आत्ताच केसरला समोर बसवून हे सगळं वाचून दाखवलं. रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, "आणि तू माझ्या पानात भात वाढत होतास तीन महिने." मग उठून पिशवी भरायला लागली. दुपारच्या एसटीने निघेल. पत्र तिच्याच हाती देतोय. स्टँडपर्यंत सोडायला नको म्हणाली.

माफी मागत नाही. तेवढं तोंड ठेवलेलं नाही मी.

"पाईप घट्ट धरा" म्हणणारा,
हरेश्वर