दस्तीतला केक

जऊळका, २५ डिसेंबर १९७४, बुधवार

डोकं चालेनासं झालंय. आमच्या गुरुवारच्या भजनात ढोलक वाजवतो तो जोसेफ, स्टेशनवरचा पॉइंटमन. आज त्याचा नाताळ, म्हणून संध्याकाळी मंडळातले आम्ही चौघं नारळ घेऊन त्याच्या क्वार्टरवर गेलो. तिथं म्हणायचं काय, कुणालाच ठाऊक नाही. शेवटी रामराम केला. त्यानं नारळ कपाळाला लावला.

मग त्याच्या बायकोनं, मार्थावहिनींनी, केक दिला. चौघांच्याही हातात तो तसाच राहिला. अंडं असेल, हे कुणी बोललं नाही. मी खिशातली रुमालाची दस्ती काढून माझा तुकडा तिच्यात बांधला. "घरी पोराईले देतो."

"खा न भाऊ," वहिनी म्हणाल्या, "मुद्दाम बिनअंड्याचा केला तुमच्यासाठी."

तरी मी दस्ती सोडली नाही. काहून? अंडं नव्हतं, मग अडलं कुठं? बाकीचे नुसते हसले. जोसेफ उगाच ढोलकाच्या दोऱ्या आवळत बसला.

दस्ती अजून कोनाड्यातच आहे. सोडून पाहिली, पुन्हा बांधली. हिनं विचारलं, "काय हाय त्यात?" मी म्हटलं, "परसाद." तोंडातून कसं निघालं कोण जाणे.

उद्या गुरुवार. परसाद वाटायचं काम माझंच. जोसेफ नेहमीसारखी ओंजळ पुढं करील आणि तिथंच, माझ्यासमोर खाईल.