स्कूटर आणि ते एक वाक्य

३ ऑक्टोबर १९९५, मंगळवार, संध्याकाळ

आज सरोजाक्का इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची मुद्रितं तपासायला आली. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, ती मराठीइतकंच कन्नडही वाचते. हे मी विसरले कशी?

माझ्या कथेतली विधवा रोज सकाळी नवऱ्याची स्कूटर अंगणात काढून ठेवते, घरात पुरुष आहे असं लोकांना वाटावं म्हणून. सरोजाक्काने चष्मा वर केला.

"ही स्कूटर त्या कन्नड साप्ताहिकातल्या कथेतली ना ग?"

"कल्पना तेवढी घेतली. गाव, माणसं, शेवट माझा."

"सरी, ठीक आहे. आणि हे वाक्य? 'गाडी बाहेर दिसली की चोर दबकतो आणि दीरही.' हे तसंच्या तसं आहे की. तुझं मराठी मात्र झकास हं."

मी चहा ठेवायला उठले. स्कूटर उसनी म्हणता येईल, अशा बायका गल्लोगल्ली असतील. पण ते वाक्य? मराठीत बसवायला दोन दिवस खपले, म्हणून माझं वाटू लागलं? की कन्नड कोण वाचतंय, म्हणून निर्धास्त होते? होते.

गेल्या वर्षी कोरमंगलाच्या वसुधाची कथा मीच, संपादक म्हणून, उचललेली ठरवून परत केली. तिचा तर एकच परिच्छेद उसना होता. ती पुन्हा मंडळात आली नाही.

उद्याच्या बैठकीत कथा मागे घ्यायची. 'जमली नाही' एवढंच सांगावं, असं आत्ताच मनात येऊन गेलं. नाही. वसुधाची कथा परत करण्याचं कारण मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं.