तुम्हाला ताप होता, वहिनी

प्रिय वहिनी,

तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहायची हिंमत झाली नाही. पण आज सकाळी मी आणि दादा सायकलीवर पिपलियापाला तलावापर्यंत जाऊन आलो. तिथे जे बोलणं झालं, ते तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

हो, सायकलीवर! डेंग्यूनं माझे पाय असे करून टाकलेत की जिना चढताना मध्येच बसावं लागतं. डॉक्टर म्हणाले, सकाळच्या धूपमध्ये हळूहळू सायकल चालवा. (‘धूप नाही भाऊजी, ऊन म्हणा,’ असं तुम्ही लगेच म्हणाला असतात. तीस वर्षं इंदूरात राहूनही तुमची जळगावची मराठी हलली नाही!) तुमच्या मनूची जुनी सायकल काढली. दादा शेजारच्यांची मागून घेऊन आला. मला एकट्याला सोडायला तयार नव्हता.

बोलत मात्र नव्हता. तुम्ही गेल्यापासून “गोळी घेतलीस?” याच्यापुढे त्याचं माझ्याशी बोलणंच नाही. जेवताना ताटात बघतो, माझ्याकडे नाही. मला वाटायचं, ह्याला कळलंय.

तो मंगळवार आठवतो तुम्हाला? मी दवाखान्यात, हाताला सलाइन. तुम्ही मला खिचडी भरवत होतात आणि तुमची बोटं माझ्या हनुवटीला लागली. चटका बसला.

“वहिनी, तुम्हाला ताप आहे.”

“गप्प खा. परवा तुम्हाला सोडतील, मग बघू. ह्यांना सांगाल तर माझी शपथ आहे.”

आणि मी खिचडी खाल्ली! बावन्न वर्षांचा घोडा, पण तेव्हा मला बरं वाटत होतं, घरी जायचं होतं, आणि तुमच्याशिवाय माझं करणारं कुणी नव्हतं. म्हणून गप्प बसलो. खरं कारण हेच आहे, शपथ वगैरे नंतर. शुक्रवारी तुम्ही न्हाणीघरात पडलात. रविवारी त्याच डेंग्यूनं सगळं संपलं. मला उभंही राहता येत नव्हतं, शेवटचं पोहोचवायलासुद्धा आलो नाही.

आज रस्ता ओला होता, धुक्यानं. दादा माझ्या मागे, अगदी चालीच्या वेगानं. एक पोरगा गाडीवरून ओरडून गेला, “अंकल, बारात में जा रहे हो क्या?” दादा हसला नाही. तलावाशी पोहोचेपर्यंत माझा दम संपला. कठड्यावर बसलो. दादानं स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्याला गुंडाळला. तेवढ्यानंच मी फुटलो.

“दादा, वहिनींना मंगळवारीच ताप होता. मला माहीत होतं.”

तो पाण्याकडे बघतच म्हणाला, “मला सोमवारी माहीत होतं.”

“काय?”

“कपाळाला हात लावून बघितला होता मी. तापाची गोळी दिली आणि ऑफिसात निघून गेलो. ती म्हणाली, भाऊजींना सांगू नका, ते खाटेवरून उठून येतील. शपथ घातली. मला वाटत होतं, तुला कळलंय. म्हणून तुझ्याकडे बघवत नव्हतं रे.”

वहिनी, दोघांनाही? दोघांना वेगवेगळी शपथ, आम्ही एकमेकांना विचारू नये म्हणून? का केलंत असं? आणि आम्ही दोन शिकलेली माणसं, एकानंही ती मोडली नाही. एक रक्ताची तपासणी, बस. तेवढीच करायची होती.

दादा रडला. आई गेली तेव्हाही मी त्याला असं बघितलं नव्हतं. फिरायला आलेले लोक थांबून बघत होते, एक बाई पाण्याची बाटली देऊन गेली.

मग मी मनूचं नाव काढलं. पुण्याहून फोन करते तेव्हा दर वेळी विचारते, “काका, आई खरंच काही बोलली नव्हती?” मी दर वेळी सांगतो, “नाही ग, एकदम झालं सगळं.” या रविवारी ती येतेय.

“तिला नको सांगूस,” दादा म्हणाला. “आता तीच एक उरलीय. ती पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही.”

परत येताना चढावर मला पॅडल मारवेना. दोघंही उतरलो आणि सायकली हातात धरून चालत आलो. फाटकापाशी दादा थांबला. “सांगू या,” म्हणाला. “पण मी सांगेन. तू शेजारी बस.”

त्याच्यात बळ येईल की नाही, माहीत नाही. नाही आलं, तर मी सांगेन. मनू ओरडेल तर ओरडू देऊ. निघून गेली तर तिची बॅग उचलून स्टेशनपर्यंत सोडायला जाऊ. पण खोटं सांगून तिला या घरात धरून ठेवणार नाही. हे वचन, वहिनी.

तुमचा दीर,
सुधीर