टाच बरी होईपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी पलंगावरून पाय टेकवला आणि डाव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. थोडं चालल्यावर ओसरलं. म्हणजे विशेष काही नाही. सुनेचे, पूर्वीचे, एप्रिलअखेर दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी. म्हणजे मी त्यांच्याकडे तळवड्याला जायचं. मिहिर फोनवर म्हणाला, आई, आधी तुझ्या टाचेचं बघ, मग ठरवू. ठरवायचं काय त्यात? पण काळजी आहे पोराला.

५ फेब्रुवारी
वाचनालयातून पायांच्या दुखण्यांवरचं पुस्तक आणलं. शाळा सातवीपर्यंतच, पण वाचलेलं मला पदवीवाल्यांपेक्षा जास्त कळतं. तळव्याचा पडदा टाचेशी सुजतो, म्हणून दुखतं. पोटरी ताणायची, बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायचा, फरशीवर अनवाणी चालायचं नाही. बरं व्हायला काही महिने लागतात, असं लिहिलंय. ते आळशी लोकांसाठी. मला पंधरा दिवस पुरे.

८ फेब्रुवारी
व्यायाम नाही. शनिवार होता.

१२ फेब्रुवारी
भिंतीला हात लावून पोटरी ताणत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सुमनताई आल्या. काय हो वासंतीताई, भिंत पडतेय का? मी म्हटलं, तुमचं वजन पेलून तुमच्या टाचा अजून शाबूत कशा, याचंच मला नवल वाटतं. चहा न घेताच गेल्या. हल्ली लोकांना साधं बोललेलं चालत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
मिहिर, पूर्वी आणि छोटा शार्दूल आले. पूर्वीचे घोटे सुजलेत. पुस्तक उघडून सांगितलं, बसताना पाय उंच ठेव, आणि डॉक्टरांना दाखव. वर हेही सांगितलं, की मागच्या खेपेला तुझ्या आईने लाडू चारचारून तुझा हत्ती केला, यंदा मी आहे, तसं होणार नाही. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मिहिर म्हणाला, आई, जरा. जरा काय, ते म्हणालाच नाही.
जेवायला थांबले नाहीत. तिकडे ट्रॅफिक फार असतं.

२४ फेब्रुवारी
बाटली पायाखालून निसटली, ती कपाटाखाली. काढायला वाकले तर कंबर धरली. पुस्तकात कंबरेचं काही नाही. अर्धवट पुस्तक.

२८ फेब्रुवारी
शेवटी दवाखान्यात गेले. पोरगेलीशी डॉक्टरीण. तिने टाच दाबली, मग माझी चप्पल उलटी करून बघितली. माझी म्हणजे यांची. हे गेल्यापासून मीच वापरते. घरात पावलांचा तोच आवाज राहतो. म्हणाली, काकू, मोठी होते तुम्हाला, तळही झिजलाय. ही घालाल तोवर टाच बरी व्हायची नाही. मी विचारलं, लग्न झालंय का तुझं? नाही म्हणाली. मग गप्प राहा, म्हटलं.
चामडं अजून उत्तम आहे.

६ मार्च
आज चप्पल घंटागाडीत टाकली. जाड तळाची नवी घेतली, आवाज न करणारी. घर एकदम गप्प झालं. हे असते तर म्हणाले असते, बरं केलंस. नातवंडासाठी माणसाला काहीतरी सोडावं लागतं.

२९ मार्च
सकाळी पाऊल टेकवलं. काही नाही. दुसरं टेकवलं. काही नाही! लगेच मिहिरला फोन केला. अरे वा, म्हणाला. मग म्हणाला, आणि गुडघे कसे आहेत?
गुडघे माझे कधीच दुखले नाहीत. आनंदाने गोंधळलाय बिचारा.

४ एप्रिल
बॅग भरली. सुमनताईंना जिना चढून सांगून आले, सुनेचं माझ्यावाचून पान हलत नाही.

७ एप्रिल
रिक्षाने तळवड्याला गेले. कळवलं नव्हतं, गंमत म्हणून. दार विहीणबाईंनी उघडलं. आठवडाभर तिथेच आहेत. मिहिरने माझी बॅग उचलली, ती आत नाही, खाली नेली. गेटपाशी म्हणाला, आई, टाचेचं मी आपलं बोलायला म्हणून बोललो होतो. पूर्वी म्हणते, बाळंतपणात मला रडायचं नाहीये. मी म्हटलं, मी काय केलं तिला? म्हणाला, शार्दूलच्या बारशाला सगळ्यांसमोर म्हणालीस, पोरगं आजोळसारखंच काळं निघालं. मी म्हटलं, मग, नाहीये का?
त्याने रिक्षा थांबवली. चिखली, म्हणजे माझं घर, असं रिक्षावाल्याला सांगितलं.
हा माझा मुलगा नव्हे, त्याला शिकवलंय कुणीतरी.

९ एप्रिल
जिन्यात सुमनताई. अहो, तुम्ही अजून इथेच? म्हटलं, काय सांगू, टाच पुन्हा उठली. त्या म्हणाल्या, असं कसं, परवा तर धडाधड जिना चढून आलात. आणि हसल्या.
सकाळपासून अनवाणी फरशीवर चालतेय. टाच आपटूनही पाहिली. एक कळ येईल तर शपथ.
उद्यापासून लंगडायचं. डाव्या पायानेच, सुमनताई बारकाईने बघतात.