फुंकरीचा आकडा

८ जानेवारी २०१९, मंगळवार

अक्का आज सगळ्यांसमोर पडली. महिला रेशीम संस्थेच्या सभेत उभी राहून बोलत होती — यंदा कापूस गेला, तूर गेली, पण आपली तुती जगली — आणि वाक्याच्या मध्येच आवाज बंद. छाती वर-खाली होते, आत काही जात नाही. मी पहिल्या रांगेत, वही घेऊन. धाकटा भाऊ म्हणून नाही, वार्ताहर म्हणून बसलेला. ती कोसळली तेव्हा मी तिचं अर्धं वाक्य लिहून घेत होतो! हे कुणाला सांगणार नाही.

वडवणीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली. तासाभरानं बोलली. पहिला प्रश्न — अळ्यांना पाला टाकला का?

बायका म्हणतात, चुन्यानं झालं. अळ्यांना रोग लागू नये म्हणून शेडमध्ये चुन्याची पूड धुरळतात, ती छातीत बसते. सहा वर्षं हेच ऐकतो आहे. हेच मानतो आहे.

१० जानेवारी, गुरुवार

अंबाजोगाई. छातीचे डॉक्टर मैनुद्दीन. शाळेत माझ्यामागं दोन इयत्ता होता, आता टक्कल पडलंय.

टेबलावर लहानसं यंत्र, त्याला नळी. नळीत एका लयीत फुंकायचं. काही सेकंद — बस. आकडा आला ९४. पंचवीसच्या आत असायला हवा!

श्वासनळ्यांना ॲलर्जीची सूज असली की श्वासातला एक वायू वाढतो, तो हे यंत्र मोजतं. रक्तही तपासलं. ॲलर्जीत वाढणाऱ्या पेशी तिप्पट. मैनुद्दीन म्हणाला, दमा एका जातीचा नसतो. आधी जात ओळखायची, मग औषध. ह्या जातीला तोंडानं ओढायच्या औषधाचा पंप चांगला लागू पडतो. ॲलर्जी नेमकी कशाची, ते कळायला रक्त पुण्याला पाठवलं.

सहा वर्षं वाफा, इंजेक्शनं, धावपळ. आणि एका फुंकरीत कळलं.

अक्का म्हणाली, "चुलीपुढं फुंकण्यात जल्म गेला, त्याचा आकडा कुनी काढला न्हाई."

१९ जानेवारी, शनिवार

चुना नाही!

कोषावरची धूळ, रेशमाच्या पाखरांच्या पंखांची भुकटी — ॲलर्जी त्याची. रेशमाचीच. जे तिनं सहा वर्षांपूर्वी गावात आणलं, त्याची.

पुण्याहून आलेला कागद दोनदा वाचला. मग आठवलं. गेल्या दिवाळीत मीच तिला म्हणालो होतो — चुन्याचं काम सोड, कोष साफ करायला बस, बसून करायचं हलकं काम आहे. कोषावरचा कापूस ओढून काढायचा, सगळी धूळ नाकासमोर. मी बसवलं तिला तिथं. मी!

मैनुद्दीन म्हणतो, शेड सोडलेली बरी. अक्का म्हणते, "मी सोडलं तर उद्या पाच जणी सोडतील. परवा शेडात शेरडं बांधतील." शेवटी ठरलं ते असं : पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन झुरके, तोंडाला फडकं नाही तर मास्क, कोष साफ करणं बंद, पाला टाकणं चालू.

बस स्टँडवर मला म्हणाली, "आप्पा, हे छापू नको. आदीच लोक किड्यांचा धंदा म्हनतेत."

२० जानेवारी, रविवार

छापलं नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा हातातली बातमी खिशात.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आकडा ३८! अक्का मशीनला नमस्कार करायला निघाली होती. जिना एका दमात चढली. परत येताना सगळी वाट बोलत होती, टँकरची पाळी, नव्या अळ्या, कुणाची सून कशी. कान किटले. बरं वाटलं.

१९ मार्च, मंगळवार

१०१.

पहिल्यापेक्षा जास्त. मशीन बिघडलं असेल म्हणून मैनुद्दीननं स्वतः फुंकून पाहिलं — १६. मग पंप मागितला. पंपाच्या पाठीवर उरलेले झुरके दिसतात, तिथं शून्य. महिनाभराचा पंप पंधरा दिवसांत संपलेला.

"मावशी, पंप संपलाय. पन तुमच्या छातीत गेलेला न्हाई," तो म्हणाला.

"मी काय खोटं बोलते का?" अक्का चिडली. मला पाहून मात्र मान फिरवली. मला ती लहानपणापासून माहीत आहे. खोटं बोलत होती.

२२ मार्च, शुक्रवार

नवा पंप घेऊन न सांगता गेलो. पाला टाकून झालेला. शेडच्या सावलीत सात बायका ओळीनं बसलेल्या. अक्का पहिली, शेवटी बायनाबाई. पंप हातोहात फिरतोय. एक झुरका, पदरानं तोंड पुसायचं, पुढं सरकवायचा. भिवराबाईनं दोन ओढले तर बाकीच्या ओरडल्या!

मी तसाच उभा. कॅमेरा गळ्यात, फोटो काढायचं सुचलं नाही.

अक्का शांतपणे म्हणाली, "मला बरं पडलं ते ह्यांनी बगितलं. ह्यांच्या छात्या बी वाजायल्यात, लई दिसांपासून. शेडचं काम जाईल म्हनून कुनी बोललं न्हाई. टँकरला पाळी लावतो तशी ह्याला लावली. तुला कावून राग येतोय?"

राग नव्हताच. सात जणी! मी दर महिन्याला येतो, फोटो काढतो, पाणी न मागणारं पीक म्हणून लिहितो. एकीचीही छाती मला ऐकू आली नव्हती.

२६ मार्च, मंगळवार

जीप करून सातही जणींना अंबाजोगाईला नेलं. एकेक आत, एकेक फुंकर.

अक्का ९८. भिवराबाई ११८. बाकी चौघी साठ ते नव्वद. आणि बायनाबाई — ११!

सगळ्यांत जास्त खोकणारी तीच. खोकून खोकून वाळली आहे. तिला वाटलं आपण नापास झालो. मैनुद्दीननं सांगितलं, कमी आकडा म्हणजे हा दमा नाही. मग काय विचारता! जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "तुमी रेशमाच्या, बायांनो. मी गोनपाटाची. मला काय होतंय!" आकड्याची चिठ्ठी वर धरून हसली, तेव्हा मी फोटो घेतला. जीप निघणार तोवर मैनुद्दीननं तिला पुन्हा आत बोलावलं, थुंकीचा नमुना घेतला.

सहा जणींना सहा पंप. अक्कानं प्रत्येकीकडून शपथ घेतली, आपला आपण ओढायचा.

२७ मार्च, बुधवार

सकाळीच अक्काचा फोन. छाप म्हणाली. मी दोनदा विचारलं. जीप सगळ्या गावानं बघितली, आता लपवून उपयोग नाही, म्हणाली.

तिची अट एकच. दम्याचं लिही, पंपाचं लिही, पण बायनाचंही लिही. रेशमात राहून एकीला काही झालं नाही, हे लोकांना दिसू दे, नाही तर पुढच्या हंगामाला कुणी शेडकडे फिरकणार नाही. रास्त वाटलं. मजकूर पाठवायला सहाची वेळ, अडीचशे शब्द. सहा जणींचं वेळेत निदान, सातवी ठणठणीत. फोटो बायनाबाईचाच, चिठ्ठी वर धरलेला. पावणेसहाला पाठवून मोकळा.

२८ मार्च, गुरुवार

सव्वानऊला मैनुद्दीनचा फोन. बायनाबाईच्या थुंकीत क्षयाचे जंतू. आकडा कमी आला म्हणूनच नमुना घेतला होता — एवढा खोकला आणि दमा नाही, तर मग काय? मला हा प्रश्न पडला नाही. मी ठणठणीत लिहिलं. बंद शेडमध्ये सगळ्या महिनोन् महिने एकत्र. आता सगळ्यांची तपासणी, घरच्यांचीही.

अक्काला फोन लावला. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "पेपर आला, आप्पा! बायना नातीला मांडीवर घिऊन फोटू दाखवायलीय."